तांबडीचं ‘बास’

आमची तांबडी कोंबडी अंडं घालते तेव्हा असा गलका करते, की तीन गावांतले कोंबडे शरमेने माना खाली घालतात. मी एक अंडं तिच्यापाशी ठेवतो, बाकीची रोज उचलतो. पोटाखाली पुरेशी अंडी लागली की तिचं शरीरच म्हणतं, ‘बास, आता उबवायला बस.’ ती पुरेशी मी होऊच देत नाही. म्हणून बिचारी घालतच राहते.

“अहो, एकदा तरी तिला आई होऊ द्या!” बायको म्हणाली.

माझ्याही आत ‘बास’ म्हणणारं कुणीतरी आहे. ऑम्लेटच्या वासात ते गुदमरतं. आज उचलायचं नाही, असं ठरवून खुराड्याशी गेलो. हात गेलाच. तिने टोचलं असतं तर बरं वाटलं असतं. ती सरकली आणि तिने माझ्या हाताला जागा करून दिली.