अधिक वाचा

"मुद्द्यावरच येतो," असं म्हणून आप्पा चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. त्यांनी चष्मा काढला की मी समजायचो, मुद्दा अजून वाशीच्या स्टँडवर आहे. धाराशिवला पोचायला त्याला वेळ लागणार.

माझं औषधाचं दुकान आमच्या वसाहतीच्या तोंडाशीच आहे. आप्पांना न्यायची असायची बीपीची गोळी. पण गोळीच्या आधी ती लिहून देणारा डॉक्टर यायचा, डॉक्टरच्या आधी त्याचे वडील आणि वडिलांच्या आधी त्यांची ढोकीकडची जमीन. त्या जमिनीचं खरेदीखत आप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं असायचं. मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं. एकदा एक बाई म्हणाली, "आप्पा, लेकरू तापानं फणफणलंय, मला आधी औषध घेऊ द्या." आप्पा लगेच बाजूला सरकले. "घ्या की, बिलाशक घ्या," म्हणाले आणि तिला औषध मिळेपर्यंत तापाच्या साथींविषयी सांगत राहिले.

आप्पा दस्तलेखक होते. नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी जन्मभर खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं लिहिली. एक शब्द कमी पडला तर पुढं तीन पिढ्या कोर्टात जातात, ही भीती त्यांच्या बोटांत मुरली होती. म्हणून ते शब्द कमी पडू देत नसत. मग शेड सुटलं आणि त्यांच्या हातात मोबाईल आला. आणि त्याच सुमारास आमच्या वसाहतीचा ग्रुप निघाला.

तुमच्याही ग्रुपवर असा एक माणूस असेल. नसेल तर तुम्हीच तो माणूस आहात का, हे एकदा तपासून घ्या.

ग्रुप खरं तर पाण्यासाठी निघाला होता. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल हे देवालाही आधी कळवत नाहीत. म्हणून ज्याच्या नळाला आधी येईल त्यानं लिहायचं, "नळ आला." दोन शब्द. सगळ्यांचे नंबर माझ्याकडं असल्यामुळं मी अॅडमिन झालो, आणि एक सहअॅडमिन हवा म्हणून पलीकडच्या गल्लीतले प्राध्यापक झाले.

आप्पांच्या घरी पहिल्यांदा आधी पाणी आलं, तेव्हा त्यांची पोस्ट आली ती अशी: "मौजे धाराशिव येथील आपल्या वसाहतीतील सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, सदर वसाहत ज्या जागेवर वसलेली आहे ती जागा पूर्वी माळरान असून..." पुढं 'अधिक वाचा' असं निळ्या अक्षरात आलं होतं. ते कुणी दाबलं नाही. माळरानावर विहीर कुणी खोदली, टाकी कधी बांधली, वाल्व कुठं बसवला, हे सगळं ओलांडून नळ शेवटच्या परिच्छेदात आला होता. तोवर पाणी गेलं होतं.

वसाहतीत एक कुत्री व्याली, तर आप्पांनी तिची चतुःसीमा दिली. "पूर्वेस प्राध्यापकांचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस पिठाची गिरणी व दक्षिणेस उघडी गटार, येणेप्रमाणे चतुःसीमेतील काळ्या रंगाची कुत्री तिच्या पिलांसह..." आणि प्रत्येक पोस्टच्या शेवटी, "सबब ही पोस्ट राजीखुशीने लिहिली असे. लिहिणार, आप्पा."

उत्तरं ठरलेली. कुणी अंगठा, कुणी हात जोडलेले, कुणी फुलाचा गुच्छ. प्राध्यापक नेहमी लिहायचे, "वा! अभ्यासपूर्ण." आप्पांची पोस्ट पडायची आणि पापणी लवायच्या आत "अभ्यासपूर्ण" यायचं. एवढ्या वेगानं अभ्यास करणारा माणूस आमच्या वसाहतीत राहतो, याचा आम्हाला अभिमान होता.

मग ती गोष्ट घडली. वसाहतीतले एक निवृत्त मुख्याध्यापक वारले. आप्पांनी श्रद्धांजली लिहिली. आता आप्पांच्या दस्तात माणूस मरायला वेळ लागायचा. आधी त्याचा जन्म व्हावा लागायचा. वाशी तालुक्यातल्या छोट्या गावी जन्म, कंदिलाच्या उजेडात शिक्षण, पहिला नंबर, शाळेला मिळालेली ढाल, आणि मग 'अधिक वाचा'. मृत्यू त्याच्या पलीकडं होता.

गल्लीतल्या एकानं लिहिलं, "अभिनंदन गुरुजी!" दुसऱ्यानं लिहिलं, "पार्टी पाहिजे!" आणि प्राध्यापकांनी लिहिलं, "वा! अभ्यासपूर्ण. गुरुजी, असेच वर वर जात राहा."

मुख्याध्यापकांचा मुलगा ग्रुपवर होता. तो काही न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडला. मग एकेकानं पुढं वाचलं आणि जो तो आपलं लिहिलेलं पुसायला धावला.

तुम्हाला वाटेल, न वाचता लिहिणाऱ्यांना लाज वाटली असेल. वाटली. पण ती फार वेळ अंगावर ठेवण्यासारखी वस्तू नाही, म्हणून सगळ्यांनी ती आप्पांच्या अंगावर टाकली. एवढं लांब लिहितात कशाला? माणूस गेला, एवढंच लिहायचं ना!

रविवारी सकाळी महादेवाच्या देवळात सभा भरली. विषय, लांबलचक पोस्ट. प्राध्यापक बोलायला उभे राहिले. "आजच्या माणसाकडं वेळ नाही. त्याचं लक्ष एका जागी ठरत नाही," अशी सुरुवात करून ते माणसाच्या मेंदूत शिरले, तिथून परदेशात गेले, तिथून मुलांच्या शिक्षणावर आले. चहा आला, सायीची सुरकुती धरून गार झाला. मागचे लोक मोबाईल बघू लागले, त्यांच्या मागचे उठून गेले. शेवटपर्यंत मान हलवत ऐकणारा एकच माणूस होता. तो पहिल्या रांगेत बसला होता आणि सभा त्याच्याविरुद्ध होती.

ठराव झाला. कुणीही पाच ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही. आप्पांनी हात वर केला.

"मुद्द्यावरच येतो. ओळ म्हंजे काय, याची व्याख्या ठरावात न्हाय."

पण लोक तोवर चपला शोधत होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांची पोस्ट आली. पूर्णविराम मोजले तर बरोबर पाच. पहिला पूर्णविराम यायला अंगठा दुखेपर्यंत पडदा वर सरकवावा लागत होता. प्राध्यापकांचा तोल गेला. त्यांनी ग्रुपला कुलूपच लावलं. आता फक्त आम्ही दोन अॅडमिन लिहू शकत होतो. मी "नळ आला" लिहायचो आणि प्राध्यापक त्याला अंगठा द्यायचे. वसाहतीत शांतता नांदू लागली.

आप्पा दुकानात यायचे थांबले. गोळ्या संपायची वेळ झाली तरी आले नाहीत. एके दुपारी काकूच आल्या, आप्पांच्या पत्नी. त्यांचं माहेर उमरग्याकडचं, घरात कानडी. मागं एका तापानं त्यांचे कान गेले होते. वसाहतीत कुणीही काही बोललं तरी त्या हसून मान हलवायच्या, त्यामुळं सगळ्यांना त्या फार आवडायच्या.

"बाबा, ते ग्रुपचं कुलूप तुज्याकडंच हाय न्हवं?"

मी मोबाईलवर लिहून त्यांच्यापुढं धरलं, "आप्पा बरे आहेत ना?"

"बरे कशाचे? गप बसून असत्यात. जेवताना गप, चहा पिताना गप. माझे कान गेले तवा आधी वरडून सांगायचे. सगळ्या गल्लीला वाटायचं, आमचं भांडण चाललंय. मला बी तसंच वाटायचं, त्यांचं तोंड बघून. मग ह्यो ग्रुप आला. त्यात लिहायला लागले. लई बरं चाललं होतं आमचं."

मी लिहिलं, "तुम्ही सगळं वाचता?"

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी विचारलं होतं, तुम्ही जेवता का?

"मग! शेवटपतूर वाचती. तुमी न्हाय वाचत?"

मी मागं वळून गोळ्यांची खोकी सारखी करू लागलो. मग लिहिलं, "त्यांना सांगा, फक्त तुम्हाला एकटीला पाठवायला."

"सांगितलं की. तर म्हनले, एकटीला काय लिहायचं, त्यो काय दस्त झाला का!" काकू हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "पर कुनाला सांगू नगंस बाबा. मला वाचाया लिहित्यात हे त्यांनी मला बी कधी सांगितलं न्हाय."

त्याच संध्याकाळी मी कुलूप काढलं. प्राध्यापक भांडायला दुकानात आले. मी म्हणालो, "सर, उद्या मी गावाला गेलो आणि नळ आला, तर कळणार कसं?" पाण्यापुढं आमच्याकडं कुठलाच सिद्धांत टिकत नाही. ते आल्या पावली परत गेले.

दोन दिवसांनी गोळ्या घेऊन मीच आप्पांच्या घरी गेलो. ओसरीत बाजेवर बसून ते एका बोटानं लिहीत होते. मला हातानंच थांबा म्हणाले. शेवटचा शब्द लिहून त्यांनी पोस्ट पाठवली, या खेपेला गल्लीतल्या दुसऱ्या एका कुत्रीवरची, आणि मोबाईल मांडीवर ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडं कान लावून बसले. आतून बराच वेळ काही आवाज नाही. आप्पा मला म्हणाले, "वाचून हू द्या." जणू आत परीक्षेचा पेपर तपासला जात होता.

मग आतून काकूंचा आवाज आला, ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा आणि सपाट. "री!" कानडी घरातल्या बायका नवऱ्याला हाक मारतात तशी हाक. "री! ती कुत्री काळी न्हाय, तांबडी हाय! काळी ती गिरणीपाशी असती!"

आप्पांचा चेहरा उजळला. लगेच मोबाईल उचलून त्यांनी लिहायला घेतलं, "चूकदुरुस्ती. पूर्वीच्या मजकुरात काळ्या रंगाची असे नमूद केले आहे, तेथे तांबड्या रंगाची असे वाचावे." आत हसू फुटलं. माझ्या खिशातला मोबाईलही वाजला. जो मजकूर कुणी वाचलाच नव्हता, त्याच्या दुरुस्तीला वसाहतीनं भराभर अंगठे दिले.

मला राहवलं नाही. म्हणालो, "आप्पा, लोक न वाचता अंगठे देतात. वाईट वाटत नाही?"

"साक्षीदार कदी दस्त वाचतो व्हय?" आप्पा शांतपणे म्हणाले. "जन्मभर बघितलंय म्या. येतो, अंगठा देतो, पान खातो, जातो. व्यवहार दोघांतलाच असतो. पर अंगठ्याबिगर दस्त पक्का होत न्हाय."

उन्हाळ्यात त्यांचा मुलगा पुण्याहून आला. आईला सोलापूरला डॉक्टरकडं घेऊन गेला आणि परत येताना काकूंच्या कानात यंत्र होतं. शेंगदाण्याएवढं. त्या दिवसापासून ग्रुपवर आप्पांची पोस्ट नाही.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. ग्रुपवर न वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "नळ आला" तर वाचावंच लागायचं. एक दिवस प्राध्यापक खोकल्याचं औषध न्यायला आले आणि काउंटरपाशी रेंगाळले. "आप्पा नाराज आहेत का हो आमच्यावर? नाही, म्हणजे... सकाळी उठून 'अभ्यासपूर्ण' लिहिलं की बरं वाटायचं." मी म्हणालो, आप्पा उत्तम आहेत. त्यांना ते खरं वाटलं नाही. माणूस बरा आहे आणि तरी ग्रुपवर लिहीत नाही, हे त्यांच्या अभ्यासात बसत नव्हतं.

आता ती दोघं पुण्याला मुलाकडं असतात. जाण्याच्या आधीची एक दुपार मला आठवते. काकूंच्या यंत्राचे सेल मी मागवून ठेवले होते. न्यायला कुणी आलं नाही म्हणून जेवणानंतर मीच निघालो.

ओसरीत आप्पा बाजेवर बसून सांगत होते. चष्मा हातात. काकू समोर खाली बसून तूर निवडत होत्या. गोष्ट कुठल्याशा वाटणीपत्राची होती, त्यातला थोरला भाऊ नुकताच जन्मला होता. मी फाटकापाशी आलो तसं काकूंनी मला बघितलं. मी हातातलं सेलचं पाकीट वर धरलं. त्यांनी आप्पांची नजर चुकवून कानातल्या यंत्राकडं बोट केलं आणि हात नकारार्थी हलवला. ते बंद पडलं होतं. सकाळपासूनच असावं.

मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. नंतर, असं खुणावलं. आणि पुन्हा आप्पांच्या तोंडाकडं बघत तूर निवडू लागल्या. आप्पांचा आवाज चढला की त्यांच्या भुवया वर जायच्या. ते हसले की त्या हसायच्या.

मी पाकीट फाटकाजवळच्या कठड्यावर ठेवलं आणि आवाज न करता कडी लावून घेतली.