मामांची सुगी

आजाऱ्याच्या नाडीपेक्षा त्याच्या घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेची ज्याला जास्त काळजी, असा डॉक्टर सबंध पुणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या पदरी पडला. आत्याचे यजमान म्हणजे आमचे मामा. राजगडाखाली गुंजवण्यात ते दवाखाना चालवत. चालवत म्हणजे, दवाखाना एका जागी असे आणि मामा चालत. मी तेव्हा भोरच्या शाळेत मास्तर होतो. रविवारी एसटीने त्यांच्याकडे जावं, तर मामा दारातच भेटायचे, एक पाय वहाणेत आणि दुसरा वहाण शोधतोय. पेशंट समोर बसला की ते त्याच्याभोवती फेऱ्या घालत बोलायचे, त्यामुळे नुसतं पडसं घेऊन आलेल्यालाही गरगरायला लागे. पडसं-खोकल्यात मामांना गोडी नव्हतीच. सगळी वैद्यकी उलटी टांगलेली आहे आणि ती सरळ करण्याचं काम आपल्या गळ्यात पडलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती. भाटघर धरणाच्या पाण्यावर तरंगता दवाखाना काढायचा बेत काठावरच फसला, कारण नाव गळकी निघाली. नाहीतर मामाच बुडाले असते.

डोंगरावरच्या धनगरवाड्यात कुणी आजारी पडलं, तर डोली करून त्याला खाली आणण्यात दिवस मोडायचा. मामांनी त्यावर विज्ञान लढवलं. जुन्या बाजारातून दुर्बीण आणली आणि वाड्यावर निरोप धाडला, की कुणाला बरं नसेल तर टोकाच्या जांभळीवर लाल कापड बांधा, मी खालून बघतो आणि औषधासकट वर येतो. त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. एक घास खाल्ला की अंगणात जाऊन दुर्बीण. एकदा आमटी पानात असतानाच लाल दिसलं. मामा बॅग घेऊन सुटले आणि त्यांच्यामागे मी, कारण आत्याने मला डोळ्यांनी खुणावलं. धापा टाकत वर पोचलो, तर जांभळीवर लुगडं वाळत होतं आणि त्याची धडधाकट मालकीण शेळीची धार काढत होती.

"अहो बाई, ती खूण आहे आपली. कोण आजारी आहे?" मामांनी विचारलं.

"कुनी बी न्हाई. तितं ऊन लई चांगलं लागतं," ती शांतपणे म्हणाली. "आलाच हाय तर बसा, दूद घ्या."

मामा बसतील तर ना. एवढं चढून आलोच आहोत म्हणून त्यांनी वाड्यावरच्या सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या, एका मेंढीचं गळू कापलं आणि उतरताना मला म्हणाले, "चूक माझीच. पांढरं कापड ठरवायला हवं होतं." धोतरंही वाळत घालतात, हे त्यांना सांगायचं मी टाळलं.

पण त्यांना खरं टोचायची ती फी. "तू आजारी पडलास की माझी चूल पेटते. ही काय रीत झाली?" असं ते मला दटावायचे, जशी काही ती रीत मीच पाडली. शेवटी त्यांनी ठरवलं, की औषधाला पैसे घ्यायचेच नाहीत. सुतार-लोहाराला असतं तसं डॉक्टरला बलुतं. वर्षभर औषध फुकट आणि सुगीला घरटी थोडं भात. म्हणजे लोक जितके बरे, तितका डॉक्टर सुखी. आत्याने हे ऐकून पदराने कपाळ पुसलं. "ही एक सुगी बघते," ती म्हणाली. "नाही जमलं, तर पुण्याला माझ्या थोरल्या भावाकडे जायचं. पुढची खोली दवाखान्याला देतो म्हणालाय." मामा कबूल झाले. गुंजवण्यात डॉक्टर राहणार की नाही, हे आता भातावर ठरणार होतं.

सावध केलं ते एकाच माणसाने. गावातल्या बौद्ध वस्तीत एक वयस्कर शेतकरी होते, सगळे त्यांना बाबा म्हणत. धम्म घेतला तेव्हा त्यांच्या वस्तीने गावकीची कामं आणि बलुतं दोन्ही सोडून दिलं होतं. ते मुद्दाम दवाखान्यात आले. "डाक्टर, आमी त्यातनं सुटलो, आन् तुमी शिकल्यालं मानूस आपल्या पायानं त्यात शिरताय व्हय? बलुत्याला खळ्यावर हुबं ऱ्हावं लागतं. देनारा आदी तोंड बगतो, मंग सूप भरतो. म्या भात न्हाई देनार. औषिदाचं पैसं घ्या." मामा हसले. बाबा काही हसले नाहीत.

मग मामांनी वर्षभर गावाला सळो की पळो करून सोडलं. विहिरींत लाल औषध टाकलं, पाणी उकळायला लावलं, उकिरडे हलवले, पोरांची नखं स्वतः कापली. गावातले जुलाब खरोखरच कमी झाले. आणि मग सुगीच्या तोंडावर दवाखान्यापुढे ठणठणीत माणसांची रांग लागली. भात द्यायचंच आहे, तर निदान एक सुई तरी टोचून घ्यावी, असा हिशेब. मामांनी त्यांना घरी जायला सांगितलं, तेव्हा एक जण चांगलाच दुखावला. "सुतार कदी म्हनतो का, तुजा नांगर बरा हाय, जा घरी? दोन ठोकं तरी हानतोच की."

सुगीला मामा पोतं घेऊन खळ्यांवर गेले. मीही बरोबर होतो. "औंदा घरात कुनी आजारीच पडलं न्हाई. तुमचा उपेग काय झाला?" असं जो तो विचारी, आणि मामांचा चेहरा उजळे. "अहो, तेच तर माझं काम!" समोरचा मान डोलवायचा आणि एखादं सूप टाकायचा, कुणी तेही नाही. पोतं अर्धंसुद्धा भरलं नाही. परतताना मामा चक्क हळू चालत होते. आत्याने भांडी बांधायला घेतली.

पुण्यात दवाखाना चांगला चालला. लोक येत, सुई घेत, पैसे देत. मामा जागचे हलेनात. त्यांना असं निवांत पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण मला ते बघवत नव्हतं.

पुढच्या सुगीनंतर एका रविवारी मी तिथे असताना बाबा खांद्यावर गाठोडं घेऊन दारात आले. मामा ताडकन उठले. "काय होतंय?"

"काई न्हाई. वरीसभर घरात कुनी पडलं न्हाई. हिरीत तुमचं लाल औषिद आमी अजून टाकतो. म्हनून तांदूळ आनलं."

"पण तुम्ही तर देणार नाही म्हणाला होता."

"तुमाला खळ्यावर हुबं करून द्यायचं नव्हतं," बाबा म्हणाले. "ह्ये म्या घेऊन आलोय."

मामांनी गाठोडं स्वतः उतरवून घेतलं. त्या दिवशी आत्याने त्याच तांदळाचा भात लावला आणि मामा, बाबा आणि मी एका पंगतीला बसलो. भात जाडाभरडा होता. मामांनी एकेक शीत निपटून खाल्लं. "सावकाश जेव रे," ते मला म्हणाले, "हा बऱ्या माणसांचा भात आहे." त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. मामांची सुगी साधली होती, फक्त गुंजवण्यात तेव्हा डॉक्टर उरला नव्हता.