मागे चालणारा माणूस

त्या उन्हाळ्यात वाघाने आमच्या गावाला घरात बसवलं होतं. शेजारच्या गावातली एक बाई मोहाची फुलं वेचताना गेली. तेव्हापासून वनखात्याची गाडी भोंग्यावरून ओरडत फिरायची, एकटे जाऊ नका, वाकून बसू नका. आता न वाकता मोह कसा वेचायचा, ते भोंगा काही सांगत नव्हता.

आमच्या बांधावरचा मोह टपटप गळत होता. सकाळी त्याचा वास थेट घरात यायचा, आणि माय दाराला कडी लावून चुलीपुढे बसायची. बाकीच्या बाया आठवड्याभरात घोळक्याने जायला लागल्या, पण माय उंबरा ओलांडेना. तिच्यासोबत मीही कोंडलो. मी बल्लारपुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आला, माझा ब्रश वाळला, म्हणून घरी आलो होतो. दिवसभर आम्ही एकमेकांचं तोंड बघायचो आणि चिडायचो.

"तुले जायचं तं जा ना," ती म्हणायची. मी तरी कुठे जाणार होतो?

तिचं दुखणं मला कळत होतं. आमच्याकडे जंगलाच्या वाटेवर बाई पुढे आणि घरचा माणूस मागे चालतो, कारण वाघ मागून येतो. बाहेरचे लोक हसतात, काय नवरे आहेत, बायकोला पुढे घालतात! माझा बाप जन्मभर तिच्या मागे चालला. दोन वर्षांपूर्वी तो आजारपणात गेला आणि तिची पाठ उघडी पडली. मी म्हटलं, मी येतो मागे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू मोबाइल पाहत चालशील."

मग वनरक्षक मुखवटे वाटून गेला. ते डोक्याच्या मागे बांधायचे, म्हणजे वाघाला वाटतं माणूस आपल्याकडेच बघतोय. सगळ्या मुखवट्यांवर एकच गोरापान मिशीवाला. मायने तो पाहिला आणि पदर सावरला.

"परका माणूस पाठीवर घेऊन फिरू का मी?"

कला हा शब्द ऐकला तरी तेव्हा माझं डोकं फिरायचं. पोटाला देत नाही ती कसली कला? पण हात शिवशिवले. मुखवट्यावर पांढरा रंग फासला आणि बटबटीत डोळे, सुळे, लाल जीभ काढली. वाघ काय, वाघाचा बापही पळाला असता.

"हे कोन होय?" मायने विचारलं.

"वाघाले भेव वाटावं म्हणून काढलं."

"वाघाचं तू नको पाहू. मले भेव वाटू नये, असं काढ."

मी पुन्हा पांढरा हात मारला. बापाचा फोटो फक्त आधार कार्डावर, आणि त्यात तो चोरासारखा दिसतो. म्हणून आठवून काढत गेलो. माय शेजारी येऊन बसली.

"डावा डोळा बारीक कर. कपाळ येवढं मोठं नव्हतं. अन् गाल फुगव ना, खर्रा कुठी हाय?"

मी चित्रातल्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरला. माय रडली. मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिने मुखवटा बांधला, टोपली घेतली आणि कडी काढली. मोबाइल घरी ठेवून मी मागे निघालो. वाळलेलं पान वाजलं की मी मागे वळून बघायचो. माझ्या मागे कोणीच नव्हतं. पळत जाऊन कडी लावून घ्यावी, एवढंच मनात येत होतं. माय एकदाही वळली नाही. मोहाखाली पोचली आणि खुशाल वाकली.

लहानपणी या वाटेवर मी दोघांच्या मधे चालायचो. भीती वाटली की मागे वळायचो, आणि हेच तोंड दिसायचं, एक डोळा बारीक, गालात खर्रा. आता ते पुढे होतं आणि माझ्याकडे बघत होतं. भीती काही गेली नाही. पण टोपली भरेपर्यंत मी पळालो नाही.