खोली नंबर चारचा झरोका

पलटण राजस्थानातून उत्तरेला हलणार असा हुकूम आला, त्या दिवशी आमच्या छावणीत पारा चाळीसच्या वर होता. पोरं टाळ्या पिटायला लागली. नवं ठिकाण म्हणजे बर्फाच्या मुलखातलं एक छोटं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, ती सवय अजून सुटलेली नाही. एक बाजार, एक बौद्ध मठ, एक पेट्रोल पंप आणि गावाच्या वरच्या अंगाला आमचा कॅम्प. उंची अकरा हजार फूट.

मी सिद्राम बिराजदार, सोलापूर, भवानी पेठ. तेव्हा हवालदार होतो. आता रिटायर आहे. सव्वीस जानेवारीला शाळावाले भाषणाला बोलावतात. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, तुम्ही किती जणांना मारलं?" मास्तर हसतात. मीही काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. खरं उत्तर एक असं आहे. आणि तो आपलाच माणूस होता. हे पोरांसमोर बोलवत नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्याचं नाव लान्स नायक मिलिंद सरवदे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. कंपनीत सोलापूर जिल्ह्याचे आम्ही दोघेच, त्यामुळे एका खोलीत राहायचो. फॉल-इनच्या रांगेत तो मला हवालदार म्हणायचा आणि खोलीत आला की अण्णा. पोरगा हसरा होता, पण कामात चोख. रायफल साफ करायला बसला की जेवायची शुद्ध राहायची नाही.

नव्या जागी पहिले सहा दिवस अक्लमटायझेशन. म्हणजे विरळ हवेची सवय. दोन दिवस नुसतं पडून राहायचं, मग सपाटीवर चालायचं, मग थोडा चढ. आम्हा सोलापूरकरांना पडून राहण्यात काय अडचण! सरवदे मोबाईलवर आईला बर्फ दाखवायचा. आई विचारायची, "आरं, मीठ सांडलंय का काय तितं?" तो पोट धरून हसायचा आणि हसता हसता त्याला दम लागायचा.

आम्हा दोघांना खोली नंबर चार मिळाली. प्रत्येक खोलीत बुखारी होती. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी, तिचा धूर बाहेर न्यायला पत्र्याचं नळकांडं. भिंतीत छताजवळ वीतभर झरोका. त्याबद्दलची स्टँडिंग ऑर्डर तीन ओळींची होती. झरोका कायम उघडा राहील. बुखारी चालू असेल तर खोलीत एक माणूस जागा राहील. सगळे झोपणार असतील तर बुखारी बंद. दर सोमवारी रोल कॉलला ती ऑर्डर मी स्वतः मोठ्याने वाचायचो आणि खाली प्रत्येकाची सही घ्यायचो. आजही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन.

आता आमच्या घरचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भवानी पेठेत आमचं पत्र्याचं घर. वडील पॉवरलूमवर चादरी विणायचे. मार्च संपला की सकाळी दहाला घर बंद. दारं, खिडक्या, पत्र्याखालच्या फटी, सगळं. आई फटींमध्ये चादरीचे जुने तुकडे कोंबायची. बाहेरची हवा आत आली की घराची भट्टी व्हायची. घरात कुणी आजारी पडलं तर औषधाच्या आधी फटी बुजवल्या जायच्या. काळजी घेणं म्हणजे खोली बंद करणं, हे माझ्या हाताला लहानपणीच लागलं होतं. सोळा वर्षांच्या नोकरीत ते गेलं नाही.

जानेवारी. चार दिवस बर्फ पडत होता. सरवदेची पहाटेची संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा होता, मी गार्ड कमांडर. आठ वाजता दोघे खोलीवर आलो. तो कुडकुडत होता. खोकला दोन दिवसांपासून होताच. मी कपाळाला हात लावला, अंग कोमट लागलं. बुखारी पेटवली. त्याला चहा पाजला. झरोक्यातून वारा थेट त्याच्या खाटेवर येत होता, बर्फाची भुकटी उशीवर पडत होती.

माझ्या खाटेवर घरून आणलेली सोलापुरी चादर होती. मी स्टुलावर चढलो आणि ती चादर झरोक्यात कोंबली.

सरवदे उठून बसला. "अण्णा, ऱ्हाऊ द्या की. ऑर्डर हाय."

"ऑर्डर मला सांगतो व्हय? मीच वाचतो ती."

"तसं न्हाय. मला कोंडल्यागत हुतंय."

"ताप अंगात घेऊन वाऱ्यात झोपणार हाईस? मी जागा हाय. गप पड."

"बुखारी तरी बंद करू?"

"चालू ठिव. हवालदार मी हाय का तू?"

तो हसला आणि आडवा झाला. मी खरंच जागा राहणार होतो. खुर्ची ओढून पायमोजे शिवत बसलो.

नऊ पस्तीसला वॉकीटॉकी बोलला. टायगर थ्री म्हणजे मी.

"टायगर थ्री, टायगर थ्री, रिपोर्ट मेन गेट. ओव्हर."

"टायगर थ्री, काय काम? ओव्हर."

"रेशनची गाडी वळणावर घसरली. दोर आणि सहा माणसं. लगेच. ओव्हर."

"टायगर थ्री, रॉजर. आउट."

सरवदेचा डोळा लागला होता. वाटलं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. झोपलेल्याला कशाला उठवायचं? आणि बुखारी बंद केली तर खोली पाच मिनिटांत गार. मी दार घट्ट ओढून घेतलं आणि गेलो.

गाडीचं मागचं चाक दरीच्या काठावर होतं. ड्रायव्हर आत अडकलेला. त्याला बाहेर काढायला चाळीस मिनिटं गेली, गाडी वर ओढायला दोन तास. मध्येच, सव्वाअकराच्या सुमारास, गेटवरच्या टेलिफोनवरून मी आमच्या खोलीतल्या फोनचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. मी मनात म्हटलं, दमलाय, झोपू दे. फोन ठेवून पुन्हा दोराकडे गेलो. ती घंटा मला अजून ऐकू येते. दिवसासुद्धा.

बारा पन्नासला खोलीवर आलो. दार उघडलं तर आतली हवा जड लागली, डोकं गरगरलं. नळकांड्याच्या बाहेरच्या तोंडावर बर्फ साचला होता. त्यामुळे बुखारीचा विषारी वायू आत कोंडला, हे नंतर कळलं. सरवदे कुशीवर होता, पांघरूण हनुवटीपर्यंत. गाल गुलाबी. चांगला दिसत होता, हेच सगळ्यात वाईट. मी हाक मारली, हलवलं, मान लुळी पडली. मी स्टुलावर चढून चादर उपसली, खाली फेकली आणि त्याला खांद्यावर घेऊन बाहेर बर्फात आणलं. ओरडलो. नर्सिंग असिस्टंट ऑक्सिजन घेऊन धावत आला, पाठोपाठ मेडिकल ऑफिसर. पंचेचाळीस मिनिटं त्यांनी प्रयत्न केले. मग मेडिकल ऑफिसरने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "टाइम थर्टीन फॉर्टी."

मी त्याचे बूट हातात धरून उभा होतो. कधी उचलले ते आठवत नाही.

संध्याकाळी कंपनी कमांडरने पहिला जबाब घेतला. खोलीत चादर सापडली होती ती सरवदेच्या खाटेपाशी. मी फेकली तिथेच.

"झरोका बंद किया हुआ था?"

"हां साब."

"किसने?"

मी म्हणालो, "मालूम नहीं साब. मैं गेट पर था."

साहेब तरुण होता. त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. खोलीत दोनच माणसं राहत होती, एक गेटवर होता, मग उरला कोण? कागदावर काय येणार हे मला तिथेच कळलं. स्टँडिंग ऑर्डर मोडून, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. मी खाली सही केली. माझी पेन्शन, माझ्या बाहीवरची स्ट्राइप, माझी मुलगी दहावीत. हे सगळं डोक्यात होतं आणि तो मात्र शवपेटीत. एवढा नालायक मी होतो. दुसरा शब्द नाही.

आपल्या जिल्ह्याच्या जवानाने शव घरी पोहोचवायचं असतं. जिल्ह्याचा मीच. विमानाने पुणे, तिथून गाडीने जेऊर. घर स्टेशनच्या पलीकडे. सगळं गाव जमलं होतं. बुद्धवंदना झाली, गार्डने सलामी दिली, अग्नी दिला. मी सगळं ड्रिलप्रमाणे केलं. तिरंगा घडी करून आईच्या हातात दिला. तिचं नाव केशरबाई. तिने तो छातीशी धरला, रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी घरी गेलो. थोरला भाऊ सुरेश दारात उभा होता. तो म्हणाला, "हवालदार साहेब, पलटणीतल्या एका पोराशी फोनवर बोललो. त्यो म्हणतोय, मिलिंदनं सवताच झरोका बुजवला. चूक त्याचीच. गावात बी आता हेच चाललंय. खरं हाय का?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

केशरबाई आत बसली होती. तिथूनच बोलली.

"माझा मिलिंद झरोका बुजवणार न्हाय. ल्हान हुता तवापासनं त्याला दार लावल्यालं चालत न्हवतं. थंडीत बी वसरीवर निजायचा. साहेब, तुमी तितंच हुता न्हवं? सांगा की मग."

मी टोपी काढली.

"मी बुजवला, आई. त्यो नगं म्हणत हुता. ऑर्डर हाय म्हणला. मीच गप केलं त्याला."

सुरेश अंगावर आला. त्याने माझी कॉलर धरली. मी हात उचलला नाही. केशरबाईनेच त्याला मागे ओढलं. मग ती माझ्यासमोर उभी राहिली. उंचीला माझ्या खांद्याएवढी.

"हे तितं सांगितलंस का?"

"न्हाय."

"सांगशील?"

"व्हय."

"मग हितं काय करतोस? जा आदी."

तिने मला अरे-तुरे केलं ते तेव्हापासून.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची रीतसर चौकशी, बसली तेव्हा मी पहिला जबाब खोटा असल्याचं सांगितलं. झरोका मी बुजवला. बुखारी चालू ठेवायला मी सांगितलं. जागा राहतो म्हणालो आणि खोली सोडून गेलो. लान्स नायक सरवदेने दोनदा विरोध केला आणि सिनिअरचा हुकूम मानला. सुभेदार साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, "बिराजदार, हे सगळं सांगायची गरज न्हवती रे. त्या पोराला आता काय फरक पडणार?" फौजेत भले भले लोकही असं बोलतात, त्यात वाईट हेतू नसतो. पण मला त्यांचा संताप आला. मी सॅल्यूट मारला आणि निघालो. पुढे माझ्यावर खटला झाला. हवालदाराचा नायक झालो, एक पायरी खाली. पलटणीसमोर स्ट्राइप उतरवली. माझी लायकी त्याहून कमी होती, असं मला वाटतं.

सरवदेच्या कागदावरून निष्काळजीपणा हा शब्द गेला. त्या जागी आलं, ड्यूटीवर असताना, वरिष्ठाचा आदेश पाळताना. नक्कल घेऊन मी सुट्टीत जेऊरला गेलो. सुरेशने ती दोनदा वाचली, मग शेजाऱ्यांना बोलावून तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली. केशरबाई ऐकत होती. सगळे गेल्यावर तिने मला पाणी दिलं. मी प्यालो.

"तू खरं बोललास," ती म्हणाली. "त्याचं नाव धुवून दिलंस. त्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाय. पण तुला बघितलं की माझा जीव जळतो. परत ह्या घरात येऊ नगंस."

"व्हय, आई."

तेव्हापासून मी त्या घरी गेलो नाही. सुरेशचा कधीतरी फोन येतो, बोलतो, ठेवतो. केशरबाई आहे, गुडघे दुखतात, एवढं कळतं. यंदा गावात शाळेच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावली. सुरेशने बोलावलं होतं. घर सोडून शाळेत तरी या म्हणाला. केशरबाई पहिल्या रांगेत बसणार होती, म्हणून नाही गेलो. तिने सांगितलं होतं की.

पाटीवर नाव आणि नंबर आहे. बाकीचं मी लिहितो. लान्स नायक मिलिंद सरवदे, जेऊर, वय सव्वीस. त्याला ऑर्डर माहीत होती आणि त्याने ती बोलून दाखवली. हुकूम माझा होता. त्याने तो पाळला.