परसातलं ऊन

बाळकुम गावच्या ठमाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण तिच्या हाताखालून गेलेलं पोर चाललं नाही, असं कधी झालं नव्हतं. उभा जन्म मिठागरात मीठ ओढलं आणि कंबर दुखायला लागल्यावर ती लोकांच्या पोरांना तेल चोळू लागली. ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

ठाण्यातल्या प्रभाकरपंत वकिलांकडून तिला बोलावणं आलं. त्यांची मंदाकिनी तीन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. मनगटं जाड, पाय फेंगडे. मुडदूस! अंधाऱ्या माजघरात तिच्या शेजारी आत्या बसली होती, दुर्गाताई. तिचेही पाय तसेच. सासरच्यांनी ते पाहून तिला परत धाडली, त्याला वीस वर्षं झाली होती.

"आमच्या घराण्यातच आहे हे," पंत म्हणाले. "म्हणून तर मुलीला कुणाच्या दृष्टीस पडू देत नाही. उद्या लग्न जमायला नको?"

घ्या! दोष झाकायचा म्हणून पोर अंधारात, आणि अंधारात दोष वाढतोय. ठमाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, माझी दोन पोरं एकाच मिठागरान वाढली. पंढरी दहाव्या महिन्यान चालला. भिवाचे पाय मातर वाकायला लागले, त्याच्या आजासारखे. मंग मी भिवाला दुप्पट उन्हान ठेवला. आज डोईवर मिठाची पाटी घेऊन धावतंय. रगतान हाय ना? मंग हिला ऊन जास्तीच पायजे!"

"आणि नाही उभी राहिली तर?"

"गुढीच्या पाडव्यापरतूर उभी नाय रायली, तर पुन्हा कुनाच्या पोराला हात लावनार नाय."

पंत कबूल झाले. पण परसाचं दार बंद ठेवायचं, या अटीवर.

दसऱ्यापासून ठमाबाई रोज सकाळी बाळकुमाहून चालत यायची, परसात मंदीला उघडी निजवून तेल चोळायची, आणि दुपारपर्यंत तिला तिथंच ठेवा म्हणून बजावून जायची. दिवाळी गेली, मार्गशीर्षही सरला, तरी पायांत जोर येईना. भिवाला तर दोन महिन्यांत फरक पडला होता. आता मात्र ठमाबाई मनातून चरकली. एक दिवस तेलाची वाटी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली, तर काय! वकिलीणबाईंनी पोरीला नखशिखांत दुपट्यात गुंडाळलेलं.

"काळी पडेल हो," त्या पुटपुटल्या.

"अगो बाय माझे! काली पोर चालंल. लोलती पोर चालंल का?" ठमाबाईनं दुपटं ओढून काढलं, आणि त्या दिवसापासून दुपारपर्यंत ती जागची हललीच नाही.

पाडव्याला पंत पुढल्या दारी गुढी उभारत होते. मागे परसात मंदी पाण्याच्या दगडी डोणीला धरून उठली. पाय अजून वाकडे होते, पण उभी होती पोर! हात सोडून तिनं दोन पावलं टाकली आणि उंबऱ्यात बसलेल्या आत्याच्या मांडीवर जाऊन पडली.

दुर्गाताई हसली, मग रडायलाच लागली. "ठमाबाई, मी एवढी होते तेव्हा तू कुठं होतीस गं?"

"मिठागरान होते, ताई. कुनी बोलावलाच नाय मना."

ठमाबाई उठली, परसाच्या दाराची कडी काढली आणि हात पुढे केला. दुर्गाताईनं एका हातानं तो धरला, दुसऱ्या हातात मंदीचं बोट. तिघी हळूहळू गल्लीत निघाल्या. गल्ली पुढल्या दारावरूनच जात होती, आणि पंत तिथं गुढीशी उभे होते. त्यांनी गल्लीतली बहीण पाहिली, शेजारीही पाहत होते ते पाहिलं, आणि दार लावून घ्या असं काही ते म्हणाले नाहीत.