राबाचा दिवस

ओंजळभर तूस हवेत सोडून ते कुठल्या बाजूला उडतं हे बघत उभा राहिलेला बाबा... बालपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं. कर्जतजवळ, कोंडाण्याच्या डोंगराखाली आमचं पाऊण एकर भात. त्यातला तांदूळ सरला की आई नाचणीच्या भाकरीवर पुढचे महिने ओढायची. म्हणून राबाला, म्हणजे भाताची रोपं काढायच्या तुकड्याला, जिवापाड जपायचं. शेण, पाला, वाळकं गवत थराथरानं रचून पेरणीआधी ती जमीन भाजायची. विस्तव वाऱ्यासंगं धावला तर माती कच्ची राहते, आणि शेजारची पेंढ्याची उडवी पेटायची धास्ती वेगळीच. त्यामुळे साऱ्या आळीचे राब एकाच दिवशी पेटत, आणि तो दिवस बाबा ठरवी. तो "आज नाय" म्हणाला की नाय. मग ज्या दिवशी पेटत, त्या दिवसाचा करपट, उबदार वास आईच्या पदराला आठवडाभर राही...

पुढे मी कर्जतला कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या पडवीत चहावर वाद रंगत; याचा पुढारी त्याच्या लेखी हुकूमशहा, त्याचा याच्या लेखी. एकदा चुलता म्हणाला, शिकलेल्या पोरीलाच अर्थ विचारा. मी ऐटीत सांगितलं – ज्याचा शब्द कुणाला मोडता येत नाही, तो.

बाबा हसत म्हणाला, "मंग मी पन त्यातलाच का गं?"

"त्यातलाच की. राबाचं आम्हाला कोण विचारतं?"

"घ्या," चुलता म्हणाला, "आमी दिल्लीत शोधतोय, नि हा हितं चहा पितोय."

सगळी पडवी हसली. बाबाही हसला – जरा उशिरानं.

त्या वर्षी तुसाची टोपली कोपऱ्यातून हललीच नाही. दिवस विचारायला आलेल्यांना तो एवढंच म्हणाला, "ज्याचं त्यानं ठरवा. मी कोन सांगनारा?" ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं राब पेटवला. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि शेजारच्या सखूकाकीची उडवी जळून गेली, बैलांचा वर्षाचा चारा. बाबानं आमचा अर्धा पेंढा तिच्या गोठ्यात नेऊन टाकला.

तो पेंढा वाहताना मला आठवलं – दिवस ठरवण्याआधी तो चार दिवस दारोदार फिरे, कुणाचा पाला ओला, कुणाचं गवत यायचंय ते विचारत. टोपली घेऊन मीच त्याच्या मागे असे. एका वर्षी याच काकीनं त्याला तोंडावर "चुकतोस तू" म्हटलं, आणि त्यानं दिवस पुढे ढकलला होता. हुकूमशहाला असं म्हणून कोणी घरी सुखानं जेवायला जातं? सगळं डोळ्यांनी बघितलेलं... पडवीत मात्र सुचलं नाही.

मी त्याला म्हटलं, "बाबा, माझं चुकलं."

"नाय गं. तू शिकल्याली हायेस," तो म्हणाला, आणि ते खोचून म्हणाला नाही, हेच मला अजून सलतं.

आज मी कशेळ्याला नागरिकशास्त्र शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती पडवीत टांगलेली आहे, टोपलीच्या वर. राबाचा दिवस आता कुणी ठरवत नाही.