कवळो की बाळंतीण

मासळी खात्याची ती मुलगी आमच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आली त्याच दिवशी मी तिच्यावर नजर ठेवली. हातात लाकडी फळी, चाकू, भिंग आणि वही. आम्ही जाळं किनाऱ्याला ओढलं की ती थोडे बांगडे मागून घेई, त्यांची पोटं फाडी, आत बघे आणि लिही.

"आजोबा, मासा वयात आलाय का, तेवढंच बघते," ती म्हणाली.

तेवढंच! मी चौथीत शाळा सोडली, पण सरकारी वहीत कोणी उगाच लिहीत नाही हे मला कळतं. कवळे मासे जास्त निघाले तर जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, मोठे करायला सांगणार. आणि आस बारीक ठेवायचे हा हट्ट माझा. रापणीतले निम्मे लोक नको म्हणत होते, मी कोणाचं ऐकलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर माझंच नाक कापलं जाणार होतं.

ती मुद्दाम बारके मासे उचलते असं मला वाटलं. मी टोपली ओढून घेतली. "मासे मी काढतलंय."

"काढा की," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की माझा संशय आणखी वाढला.

मी चांगला जाडजूड बांगडा दिला. तिने फाडला. आत अंड्यांची गाबोळी नाही. "अपक्व," म्हणत तिने लिहिलं.

"म्हणजे काय गो?"

"कच्चा. अजून वयात यायचाय."

"एवढो मोठो, आणि कच्चो?"

मागून एक जण ओरडला, "काय रे म्हाताऱ्या, बांगड्याक बायको बघतंस?" सगळे हसले.

शेजारी माझी बायको विकायचे मासे निवडत होती. तिचा जन्म मासे कापण्यात गेला. तिने वाकून बघितलं, पोटातली लोंबती लालसर पिशवी अंगठ्याने दाबली. नखाला रव्याएवढा एक कण चिकटला.

"ह्यो कवळो न्हय," ती म्हणाली. "ही बाळंतीण. अंडी घालून मोकळी झाली."

मुलीने भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग लिहिलेलं खोडलं.

माझी छाती फुगली. बघा, कशी पकडली! "आता सगळे परत बघूया," मी म्हटलं. "आणि हिका बघूंदे."

मुलीने सगळे मासे फळीवर मांडले. बायको खाली बसली. पहिली बाळंतीण. दुसरीही बाळंतीण. तिसऱ्याच्या पोटात पाठीच्या कण्याला चिकटलेला बारीक, पारदर्शक धागा होता.

"कवळो," ती म्हणाली.

चौथा कवळा. पाचवाही. मी तिच्या कानाशी वाकलो. "बाळंतीण म्हण गो."

"मी खोटा बोलूचंय नाय."

"तुका त्या वहीवाल्या चेडवान काय सांगल्यान?"

"माका कोण काय सांगूक नाय. तुमी स्वतः बोट लावा."

बायकोवरही माझा विश्वास उरला नाही तेव्हा मी बोट लावलं. दाबलं, खरवडलं. नखाला काही लागलं नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, टोपलीच्या तळाचा घेतला. सगळीकडे तोच धागा. बाळंतिणी होत्या, पण थोड्याच. आणि टोपलीतून मासे काढणारा मीच होतो, तेव्हा बोट तरी कोणाकडे दाखवू?

रापणीची माणसं जाळं सोडून भोवती जमली होती. "काय निघाला?" एकाने विचारलं. मुलीने वही उघडली.

तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. मीच म्हणालो, "कवळे जास्त. आस बदलूचे लागतले."

कोणी हसलं नाही. मघाशी ओरडणारासुद्धा.

मग मुलीने वही माझ्यापुढे धरली. "आजोबा, इथे सही करता? तुमच्यासमोर बघितलं म्हणून."

मी तिला सगळं पान मोठ्याने वाचायला लावलं. जे बघितलं तेच लिहिलं होतं.

तोंडाने कबूल केलं तेवढं पुरे; माझ्या हट्टाविरुद्ध सही मात्र मी केली नाही.